नाव युरोपचं, शाखा तिसऱ्याच देशात: लेकीला पाठवू का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहेत, मिस्टरांची द्राक्षबाग आहे, बेदाणाही करतात. मोठी मुलगी वीस वर्षांची. नीट दोनदा दिली, पहिल्यांदा २९८ आले, यंदा ४१२. सरकारी सीट लागली नाही आणि डीम्ड कॉलेजची फी ऐकल्यावर घरात कुणी परत तो विषय काढला नाही. ताईंचे सख्खे भाऊ सांगलीत एका अ‍ॅडमिशन कन्सल्टन्सीबरोबर काम करतात, त्यांनी एक ऑफर आणलीय. युरोपातली एक मेडिकल युनिव्हर्सिटी मध्य आशियातल्या एका देशात नवीन शाखा उघडतेय (दोन्हीची नावं मी मुद्दाम गाळलीत), यंदा पहिली बॅच, सहा वर्षांचा एकूण खर्च ३८ लाख, शिकवणं इंग्रजीत आणि 'डिग्री युरोपची'. दोन वर्षं शाखेत काढली की मेन कॅम्पसला जायचा चान्स आहे, आणि पुढं हीच युनिव्हर्सिटी महाराष्ट्रात पण येणार आहे तेव्हा इकडं बदली करून घेऊ, असंही सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत दीड लाख भरून सीट धरायची. मिस्टर रस्त्याकडचा एक एकर विकायला तयार आहेत, सासूबाई अजिबात नको म्हणतात, धाकटा मुलगा दहावीत आहे. ताई लिहितात, "मुलगी काही बोलत नाही, तुम्ही ठरवा म्हणते. भावाला नाही म्हटलं तर माहेर तुटेल आणि हो म्हणून फसलो तर आम्ही उठणार नाही. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी ती महिनाअखेरची तारीख डोक्यातनं काढा. सीट जाईल या भीतीनं माणूस प्रश्न विचारायचा थांबतो आणि सही करून मोकळा होतो. परदेशात मेडिकलला जायचं तर नीट पास लागते, आणि त्यासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. म्हणजे तुमच्या लेकीचा यंदाचा निकाल पुढच्या वर्षी पण चालणार आहे, त्याच्या पुढच्या वर्षी पण. नवीन शाखेची पहिली बॅच भरणं ही त्यांची घाई आहे, ती तुम्ही अंगावर घेऊ नका. जी संस्था पोरीला सहा वर्षं सांभाळते म्हणते तिला तुमच्यासाठी तीन-चार आठवडे थांबवत नसेल तर मी तेवढ्यावरनंच मागं सरकेन.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात 'डिग्री युरोपची' हे ठिकठिकाणी आलंय आणि मला वाटतं सगळं घर त्या दोन शब्दांवर टेकून उभं आहे. नाव मोठं म्हणजे डिग्री इकडं चालणारच, असं आपण धरून चालतो. पण परत येऊन महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची म्हटलं की राष्ट्रीय वैद्यक आयोग, म्हणजे आपण ज्याला एनएमसी म्हणतो, ते नावाचं काहीच विचारत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी बाहेर शिकणाऱ्यांसाठी नियम काढले, आणि आता जाणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहेत. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, शिक्षण इंग्रजीतनं पाहिजे, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत झालेली पाहिजे. सगळं शिक्षण आणि ट्रेनिंग एकाच संस्थेत आणि ज्या देशाची डिग्री त्याच देशात पूर्ण केलेलं पाहिजे. आणि ज्या देशात डिग्री मिळाली तिथं, तिथल्या नागरिकाला मिळतं तसंच, बरोबरीचं डॉक्टरकीचं लायसन्स मिळालेलं पाहिजे. एवढं सगळं झाल्यावर मग भारतातली परीक्षा आणि भारतातली वर्षभराची इंटर्नशिप.

हे तुमच्या ऑफरला लावून बघा ताई. कॅम्पस मध्य आशियात, डिग्रीवरचं नाव युरोपातलं. मग डिग्री कुठल्या देशाची धरायची? युरोपची धरली तर मुलगी शिकली भलत्याच देशात. मध्य आशियाची धरली तर तिथलं सरकार या डिग्रीवर आपल्या पोरांना त्यांच्या स्वतःच्या पोरांसारखंच लायसन्स देणार का, हे कुणीतरी कागदावर दाखवलं पाहिजे. साध्या परदेशी कॉलेजात हा घोळ नसतो, कॉलेज तिथलं, डिग्री तिथली, लायसन्स तिथलं. दुसऱ्या देशातल्या शाखेत तो पहिल्या दिवसापासून असतो आणि जिथनं अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही तिथं तो कुणी सोडवूनही पाहिलेला नसतो. तुमची लेक पहिल्या बॅचची, म्हणजे तो प्रश्न तिच्यावरच पहिल्यांदा सुटणार, सहा वर्षांनी.

मेन कॅम्पसचा जो चान्स सांगितलाय तो मला तर उलटा धोकाच वाटतो. दोन वर्षं एका देशात आणि चार वर्षं दुसऱ्या देशात असं झालं की 'त्याच देशात पूर्ण' ही अट मोडते. ज्यांनी हे तुम्हाला फायदा म्हणून सांगितलं त्यांना हा नियम माहीत नसेल तर ते काळजीचं आहे आणि माहीत असून सांगितलं असेल तर त्याहून काळजीचं.

महाराष्ट्रात बदलीचं तर सोडूनच द्या. परदेशी युनिव्हर्सिटी आपल्याकडं येतायत ही बातमी खरी आहे, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२३ मध्ये त्याचे नियम केले आणि जून २०२५ मध्ये नवी मुंबईच्या एज्युसिटीसाठी पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली, ब्रिटनमधल्या अ‍ॅबर्डीन आणि यॉर्क या युनिव्हर्सिटी त्यातल्याच. पण भारतात एमबीबीएस शिकवायचं तर एनएमसीची वेगळी परवानगी लागते, त्याला नुसती बिल्डिंग चालत नाही, चालू हॉस्पिटल लागतं, २०२३ च्या निकषांप्रमाणे ५० सीटला सुद्धा २२० खाटांचं. आणि समजा उद्या तसं कॉलेज झालं तरी परदेशात सुरू केलेलं मेडिकल मधेच सोडून इकडच्या कॉलेजात घुसता येत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधनं हजारो पोरं जीव मुठीत धरून परत आली, आईबाप कोर्टापर्यंत गेले, तरी इकडच्या कॉलेजात सामावून घ्यायला केंद्र सरकारनं नाही म्हटलं. तेव्हा जी बदली मिळाली नाही तिचं वचन आता कुणीही देऊ नये.

दुसऱ्या देशातली शाखा म्हणजे फसवणूकच, असं मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेलचं मेडिकल कॉलेज २००१ पासून कतारमध्ये आहे, त्याची पहिली बॅच २००८ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं २००४ मध्ये बहारीनला युनिव्हर्सिटी काढली, इंग्लंडच्या न्यूकॅसलची मेडिकल शाखा मलेशियात जोहोरला आहे. ही टिकली त्याचं कारण बघा, कतारमध्ये कॉलेजच्या मागं कतार फाउंडेशनचा पैसा होता आणि शिकायला हमद या तिथल्या सरकारी संस्थेची मोठी हॉस्पिटलं होती. आणि मोठी नावं मागं सरकतात हे पण झालंय. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीनं सिंगापूरला काढलेला कॅम्पस २००७ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी काही महिन्यांत बंद झाला, तो मेडिकलचा नव्हता, पण पोरं तर अडकलीच. मलेशियात पेर्दाना युनिव्हर्सिटीनं २०११ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या साथीनं मेडिकल स्कूल सुरू केलं, २०१४ मध्ये हॉपकिन्स बाहेर पडलं. चार वर्षांचा कोर्स, ज्या नावाकडं बघून पहिली बॅच आली ते नाव त्यांचा कोर्स संपायच्या आधीच गेलं. म्हणून नावापेक्षा हॉस्पिटल कुठलं, कुणाचं आणि तिथं रोगी किती, हे आधी विचारायचं.

आपल्या मिरजेचंच बघा ना. परदेशातनं आलेल्या डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उभं केलं, लांबून लांबून रोगी यायला लागले आणि मग तिथं डॉक्टर घडवायचं काम सुरू झालं. आज आपण मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतो त्याची सुरुवात तिथनं आहे. आधी रोगी आले, विद्यार्थी नंतर. मिस्टरांना विचारा, बोअरला पाणी लागायच्या आधी कोण द्राक्षाची रोपं आणतं का? नवीन शाखेत पहिली दोन वर्षं वर्गात निघून जातात, सगळं छान वाटतं, खरी अडचण तिसऱ्या वर्षी येते जेव्हा पोरांना वॉर्डात उभं करायचं असतं. हॉस्पिटलबरोबरचा करार आज सहीशिक्क्यासकट झालेला आहे का 'होणार आहे', हा फरक तुमच्या ३८ लाखांचा आहे. आणि वॉर्डातला रोगी इंग्रजी बोलत नाही, तो त्याच्या भाषेत कुठं दुखतंय ते सांगणार. ती भाषा कोण शिकवणार, कधीपासून, हे पण विचारा. बाहेरनं शिकून आलेल्या पोरांकडनं मी ही तक्रार सारखी ऐकते, की रोग्याजवळ उभे राहिलो पण समजलं काहीच नाही.

मग करायचं काय तर मुलीला बसवून, तिच्याच हातानं, युरोपातल्या मूळ युनिव्हर्सिटीला ईमेल लिहायला लावा. पत्ता ब्रोशरवरचा घेऊ नका, युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन अ‍ॅडमिशन ऑफिसचा शोधा. साधं विचारायचं: या शाखेत मेडिकलचा कोर्स तुम्ही मंजूर केलाय का आणि कधीपासून, डिग्रीवर कुठल्या संस्थेचं आणि कुठल्या देशाचं नाव असेल, शिकायचं हॉस्पिटल कुठलं आणि त्यात खाटा किती, इंटर्नशिप कुठं होणार, डिग्री झाल्यावर भारतीय विद्यार्थ्याला तिथं तिथल्या नागरिकासारखं लायसन्स मिळेल का, आणि शाखा मधेच बंद झाली तर राहिलेला कोर्स कोण पूर्ण करून देणार. हेच लायसन्सचं त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाला आणि तिथल्या भारतीय दूतावासाला पण विचारा. जोडीला वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स या जगभरातल्या मेडिकल कॉलेजांच्या यादीत त्या शाखेचं नाव आहे का बघा, मूळ युनिव्हर्सिटीचं असून उपयोग नाही, आणि शाखेचं दिसलं तरी ती मान्यता नव्हे, तेवढी एक पायरी झाली म्हणायची. आणखी एक, एनएमसी परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढतच नाही, म्हणून ब्रोशरवर 'एनएमसी अप्रूव्ड' छापलेलं असेल तर भावाला विचारा की हे कुठल्या पत्रावरनं छापलं. सावधगिरीच्या सूचना मात्र एनएमसी काढते, अलीकडच्या एका सूचनेत मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या काही संस्था होत्या आणि उझबेकिस्तानातल्या एका युनिव्हर्सिटीची शाखा पण होती. त्या सूचना वेबसाइटवर असतात, एकदा सगळ्या वाचून काढा.

परत आल्यावरच्या परीक्षेबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही, म्हणजे बहुतेक कुणी तुम्हाला सांगितलंच नाही. एफएमजीई म्हणतात तिला, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० लागतात, वर्षातनं दोनदा होते, पुढं तिच्या जागी नेक्स्ट नावाची परीक्षा यायची आहे. गेल्या काही वर्षांत पास होणाऱ्यांचं प्रमाण साधारण १० ते ३० टक्क्यांच्या मध्ये हलतंय. पोरं हुशार नसतात असं नाही, वॉर्डात हात लावून शिकायला मिळालं नाही की ही परीक्षा जड जाते. तुमची लेक पहिल्या झटक्यात पास झाली तरी इकडची इंटर्नशिप धरून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होईल, आणि पीजी करायचं तर त्याच्या पुढं. तिला हे चालत असेल तर काहीच हरकत नाही, पण तिला हे वर्षांच्या हिशोबात कुणी सांगितलंय का?

जमिनीचं म्हणाल तर सासूबाईंच्या बाजूनं मी आहे, निदान आत्ता तरी. सातबाऱ्यावर त्यांचं नाव असेल तर सही लागेलच, नसलं तरी त्यांचं ऐकून घ्या, त्या लेकीच्या विरोधात बोलत नाहीयेत. ३८ लाखांत येणंजाणं, व्हिसा, रुपया घसरला तर वाढणारी फी, परत आल्यावरचा क्लास हे धरलंय का ते बघा, माझ्या मते धरलेलं नसणार. आणि तीन वर्षांत धाकट्याचं पण कॉलेज येतंय. परदेशीच पाठवायचं ठरलं तर विकण्याच्या आधी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जाचं विचारा, साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात, तेव्हा शेतजमीन तारण म्हणून चालेल का ते बँकेलाच विचारा, चालली तर निदान ती आपल्या नावावर राहते. हप्ता कसा फेडायचा ते मात्र एका वाईट हंगामाचा हिशोब धरून ठरवा, चांगल्या हंगामाचा नको, अवकाळीनं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता भाऊ. ताई, तो तुमचं वाईट चिंतत असेल असं मला पत्रावरनं वाटत नाही, त्याला वरनं जेवढं सांगितलं तेवढंच तो पुढं सांगतोय असं असू शकतं. त्याला घरी जेवायला बोलवा आणि सरळ म्हणा, "दादा, मी नाही म्हणत नाही, पण एवढे कागद आल्याशिवाय पैसे भरणार नाही, ते मिळवायला तूच मदत कर." त्याला या अ‍ॅडमिशनमागं कमिशन आहे का तेही विचारा, असेल तर त्यात लाज नाही, त्याचा तो धंदा आहे, पण तुम्हाला माहीत पाहिजे. आणि कधीही पैसे द्यायची वेळ आली तर थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यावर, पावतीसकट, कन्सल्टन्सीच्या खात्यावर नाही आणि रोख तर नाहीच. यावर तो रागावला तर चार दिवस रागावू दे. भाचीसाठी विचारलेल्या प्रश्नांनी माहेर तुटत नाही, पैसे बुडाल्यावर मात्र दोघंही एकमेकांना तोंड दाखवणार नाही, ते मी फार घरांत बघितलंय.

सगळ्यात जास्त मला तुमच्या लेकीचं वाटतं. पत्रभर मिस्टर बोलतायत, भाऊ बोलतोय, सासूबाई बोलतायत, आणि जिला जायचंय तिचं एकच वाक्य आहे, 'तुम्ही ठरवा'. त्याला तुम्ही होकार धरलाय. मला ते तसं वाटत नाही. तिच्या नावावर एक एकर विकायचं बोलणं समोर चाललंय, आजी नको म्हणतेय, मामा ऑफर घेऊन आलाय, अशात वीस वर्षांची पोरगी काय बोलणार? नको म्हणाली तर मामाचा अपमान, हो म्हणाली तर बापाची जमीन. आणि एका वर्षात २९८ वरनं ४१२, म्हणजे ११४ मार्क वाढवलेत तिनं. त्या कष्टाबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही, घरात तरी कुणी तिला बोललंय का? दोनदा सीट हुकलेल्या पोरांना आपण घराला ओझं झालोय असं वाटायला लागतं आणि मग ती कशालाही मान हलवतात.

तिच्याशी एकटीशी बोला. सगळ्यांसमोर बसवून नको. दोघीच बागेकडं जाताना किंवा रात्री आवराआवर झाल्यावर, आणि पहिलंच वाक्य असं असू दे की तू काहीही ठरवलंस तरी जमिनीचा आणि मामाचा विषय मी बघते, तो तुझा नाही. मग विचारा, तिला डॉक्टरच व्हायचंय का, का आपल्याला तिला डॉक्टर करायचंय. तिला अजून एकदा नीट द्यायचीय का, दम आहे का अजून, का पुस्तक बघितलं तरी नको वाटतं. बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग यातलं काही तिनं मनात कधी धरलं होतं आणि बोलली नाही, असं आहे का. तिसरा प्रयत्न करायचा ठरला तर तो शेवटचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोर्सचे फॉर्म पण भरायचे, हे आधीच बोलून घ्या म्हणजे पुढच्या वर्षी परत याच जागी उभं राहायला लागणार नाही. आणि ती खरंच म्हणाली की मला बाहेर जाऊन एमबीबीएसच करायचंय, तर ते मोडीत काढू नका. फक्त मग ही नवीन शाखा कशाला, ज्या कॉलेजातनं बऱ्याच बॅच बाहेर पडल्यात, ज्यांची पोरं परत येऊन परीक्षा पास होऊन आपल्याच सांगली-साताऱ्याकडं प्रॅक्टिस करतायत असं जुनं कॉलेज शोधा, त्या पोरांना मुलीसकट जाऊन भेटा आणि हॉस्पिटलात काय शिकायला मिळालं एवढंच विचारा.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, आज हातात जेवढे कागद आहेत तेवढ्यावर मी माझ्या घरातली मुलगी या शाखेच्या पहिल्या बॅचला पाठवली नसती. मूळ युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं, डिग्रीचा देश, लायसन्स आणि हॉस्पिटल या तिन्हींचं लेखी आलं, तर मी मत बदलेन, ते पत्र मला जरूर पाठवा, मिळून वाचू. उत्तर गोलगोल आलं, किंवा युनिव्हर्सिटीच्या ऐवजी कन्सल्टन्सीकडनंच 'काळजी करू नका' असा फोन आला, तर दीड लाख भरायचे नाहीत. पण ताई, ईमेल दोन दिवस उशिरा गेला तरी चालेल, त्याच्या आधी लेकीशी बोलणं होऊ दे.